मंडळापासून ठरावाच्या वहीपर्यंत : सीमाभागातील तरुणांनी गावच्या विकासात कसे उतरावे

बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतील मराठी भाषिक गावांत संघटनेची उणीव कधीच नव्हती. गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळ आहे, तालीम आहे, भजनी मंडळ आहे, शिवजयंतीची मिरवणूक काढणारी पोरे आहेत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी अशा गावांनी तर साहित्य संमेलने भरवण्याची परंपराच उभी केली आहे. वर्गणी गोळा करणे, मांडव घालणे, शेकडो माणसांच्या पंगती उठवणे आणि शेवटी सगळा हिशेब देवळात वाचून दाखवणे ही कामे ज्या तरुणांना अंगवळणी पडली आहेत, त्यांनाच आपल्या ग्रामपंचायतीला यंदा किती निधी आला आणि तो कोणत्या कामावर खर्च करायचे कुणी ठरवले असे विचारले, तर बहुतेकांकडे उत्तर नसते. संघटना आहे, उमेद आहे, परंतु पंचायतीच्या कागदावर तरुणांचा मागमूस नाही. ही दरी भरून काढण्यासाठी काय करावे लागते, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

विकसनशील देशांतील ग्रामीण तरुणांविषयी सर्वत्र एकच अनुभव आहे : श्रमदानाला तरुण हवे असतात, निर्णयाच्या वेळी मात्र वडीलधारी मंडळी बसतात. रॉजर हार्ट या अभ्यासकाने युनिसेफसाठी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या आणि त्यांतल्या खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणायलाच नकार दिला. कुणीतरी लिहून दिलेले बोलणे, कार्यक्रमाची शोभा वाढवण्यासाठी उभे राहणे आणि नावापुरते समितीत असणे, अशा त्या तीन पायऱ्या आहेत. स्वच्छता मोहिमेत झाडू हातात देऊन छायाचित्र काढले आणि दुसऱ्या दिवशी कचरा कुठे टाकायचा हे कुणी विचारलेच नाही, असे आपल्याकडे किती वेळा घडते ते प्रत्येक मंडळाने आठवून पाहावे. याउलट ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून नागरिकांना अंदाजपत्रक ठरवण्याच्या बैठकांत बसवले आणि केरळने १९९६ च्या जननियोजन मोहिमेत गावोगावच्या सभांतून आराखडे तयार करवून घेतले. दोन्हीकडे लोकांचा सहभाग कागदावर उमटला, म्हणून तो टिकला. माझ्या मते गावातील तरुणांच्या कामाची कसोटीही हीच असावी : तुमच्यामुळे पंचायतीच्या आराखड्यातील एखादी ओळ बदलली का?

पंचायतीचे वर्ष आणि तिची माणसे

आपण दूरदर्शनवर महाराष्ट्राच्या बातम्या पाहतो, त्यामुळे सरपंच आणि ग्रामसेवक हे शब्द आपल्या तोंडी असतात. कर्नाटकात मात्र रचना वेगळी आहे. येथे ग्रामपंचायतीला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असतात, आणि कारभार पाहणारा अधिकारी म्हणजे पंचायत विकास अधिकारी, ज्याला आपण सगळे पीडीओ म्हणतो. त्याच्या वर तालुका पंचायतीचे कार्यनिर्वाहक अधिकारी आणि जिल्हा पंचायतीचे मुख्य कार्यनिर्वाहक अधिकारी असतात. साधारण ४०० लोकसंख्येमागे एक सदस्य निवडला जातो आणि एका पंचायतीत बहुधा दोन-चार गावे असतात, म्हणून आपल्या गावाचा विषय शेजारच्या गावाच्या विषयाशी स्पर्धा करत असतो, हे आधीच ध्यानात घ्यावे.

कर्नाटकाचा पंचायत राज कायदा १९९३ चा आहे. पुढे मोठी दुरुस्ती होऊन त्याच्या नावात ग्राम स्वराज हे शब्द आले. या कायद्याचे तरुणांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे अंग म्हणजे वार्ड सभा. ग्रामसभेत सगळ्या गावांची गर्दी असते आणि ठराविक चार माणसेच बोलतात. वार्ड सभा मात्र आपल्याच गल्लीतील माणसांची असते, तिचे अध्यक्षपद आपल्या वार्डातून निवडून आलेल्या मेंबरकडे असते, आणि कामांची मागणी व लाभार्थ्यांची नावे तिथूनच वर ग्रामसभेकडे जातात. ज्यांना ग्रामसभेत उभे राहून बोलण्याचा धीर होत नाही, त्यांनी सुरुवात येथून करावी. मतदार यादीत नाव असलेला अठरा वर्षांवरील प्रत्येक जण या सभांचा सभासद आहे. त्यासाठी कुणाच्या निमंत्रणाची गरज नाही. एकविसाव्या वर्षी निवडणूकही लढवता येते आणि कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अठरा वर्षांखालील मुलांसाठी मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा, भरवली जाते. ती बहुधा नोव्हेंबरमध्ये बालदिनाच्या आसपास होते. शाळेतील नववी-दहावीच्या मुलांना त्या सभेत प्रश्न मांडायला तयार करणे हे मोठ्या मुलांचे पहिले काम ठरू शकते.

गावाचा वार्षिक विकास आराखडा तयार करण्याची मोहीम गेल्या काही वर्षांपासून २ ऑक्टोबरला सुरू होते आणि पुढचे काही महिने चालते. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे भाताची सुगी असते. माणसे मळणीच्या घाईत, आणि सभा सकाळी अकरा वाजता पंचायत कार्यालयात. मग दहा-बारा जणांच्या सह्यांवर आराखडा पुढे जातो. म्हणून सप्टेंबरातच पीडीओंना लेखी विनंती करावी की वार्ड सभा संध्याकाळी, देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात घ्यावी, आणि गावात वार पाळला जात असेल तर तो दिवस टाळावा की मुद्दाम धरावा हे गावाच्या रिवाजाप्रमाणे ठरवावे. वार पाळणाऱ्या गावांत त्या दिवशी कुणी शेतात जात नसल्याने माणसे घरीच सापडतात. पंच मंडळींची हरकत नसेल तर सभेला याहून चांगला दिवस मिळणार नाही.

गट बांधताना

नवे मंडळ काढू नये. गावात आधीच चार मंडळे असताना पाचवे निघाले की पहिले वर्ष नाव आणि फलक यांच्यातच जाते. त्याऐवजी असलेल्या प्रत्येक मंडळातून एक-दोन माणसे घेऊन दहा-बारा जणांचा कामाचा गट करावा, आणि त्यात कोण आहे यापेक्षा कोण सुटले आहे हे आधी पाहावे. मुली सुटतात, कारण बैठक तालमीत किंवा रात्री नऊनंतर ठेवली जाते. दलित वस्तीतील मुले सुटतात, कारण गावच्या मंडळात त्यांना कधी पद मिळालेले नसते. गावाबाहेरच्या वाड्यावरची, धनगरवाड्यावरची मुले सुटतात. कामासाठी गोव्याला, पुण्याला किंवा बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत जाणारी मुले तर गावच्या हिशेबातच धरली जात नाहीत. वास्तविक बाहेरचे जग त्यांनीच पाहिलेले असते आणि मोबाइलवर अर्ज लिहिण्यापासून नकाशा काढण्यापर्यंत बरीच कामे ते लांबूनही करू शकतात. बैठक रविवारी दुपारी शाळेत ठेवावी, गटाचे दोन समन्वयक असावेत आणि त्यांपैकी एक मुलगी असावी. मुलींच्या घरच्यांशी आधी बोलून घ्यावे. त्या कामासाठी गटातील मुलांपेक्षा स्त्रीशक्ती संघातल्या किंवा संजीवनीच्या बचत गटातल्या मावशी-काकूंचा शब्द अधिक चालतो.

गटात कन्नड चांगले वाचणारा निदान एक जण हवाच. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. एकाने हिशेब ठेवावा, एकाने कागदपत्रांची फाईल सांभाळावी, एकाने सभेच्या तारखांवर लक्ष ठेवावे. संस्था म्हणून नोंदणी करण्याची घाई नको. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासदांवर नोंदणी होते, पण नंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि कागदपत्रे भरण्याची जबाबदारी येते. बाहेरून निधी घेण्याची वेळ आली तरच त्या वाटेला जावे.

एक गोष्ट स्पष्ट ठेवावी लागते. सीमाभागातील गावांत राजकारण घरोघरी आहे; कुणी महाराष्ट्र एकीकरण समितीचा, कुणी राष्ट्रीय पक्षाचा, आणि एकाच घरात दोन मते असणेही नवीन नाही. गटातील कुणाला आपला पक्ष सोडायला सांगू नये. फक्त गटाच्या कामाच्या ठिकाणी पक्षाचे झेंडे, शाली आणि नेत्यांचे सत्कार येणार नाहीत, असा नियम पहिल्याच बैठकीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. निवडणूक जवळ आली की हा नियम ताणला जातो, म्हणून तो तोंडी ठेवून भागत नाही.

गावाचा नकाशा रांगोळीने

आराखड्यात ओळ घालायची तर आधी गावाची माहिती हातात हवी, आणि ती मिळवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे गावकऱ्यांकडूनच गावाचा नकाशा काढून घेणे. आपल्याकडच्या पोरांना हे अवघड नाही. दिवाळीत मातीचे किल्ले करताना बुरूज, माची, तटबंदी सारे प्रमाणात बसवणारी मुले गावाचा नकाशा सहज काढतात.

रविवारी सकाळी देवळासमोरचे अंगण झाडून घ्यावे. पांढऱ्या रांगोळीने आधी मुख्य रस्ता आणि देऊळ काढावे, म्हणजे सगळ्यांना दिशा कळतात. मग गल्ल्या, शाळा, अंगणवाडी, विहिरी, नाला, स्मशान, गायरान. निळ्या रांगोळीने पाण्याची टाकी आणि नळाची वाट, लाल रांगोळीने जिथे पाणी पोहोचत नाही ती घरे, हळदीने पावसाळ्यात पाणी तुंबते ती ठिकाणे. दिवे नाहीत तिथे एकेक खडा ठेवावा. सुरुवातीला मुलेच काढत असतात. अर्ध्या तासात वाटेने जाणारे आजोबा थांबून सांगतात की ओढा येथून नव्हे, पलीकडून वाहत होता आणि वाट बुजवल्यापासून पाणी घरात शिरते. असे बोलणे सुरू झाले की गटातल्या मुलांनी बोलायचे थांबवावे आणि लिहून घ्यावे. बायका आल्या की त्यांच्या हातात रांगोळी द्यावी, कारण नळाला पाणी किती वाजता येते आणि किती घागरी भरतात हे पंचायतीच्या नोंदीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. संपूर्ण नकाशाची वरून, शाळेच्या गच्चीवरून, छायाचित्रे काढावीत आणि त्याच दिवशी तो मोठ्या कागदावर उतरवावा. संध्याकाळपर्यंत गुरे त्यावरून जातात.

दुसऱ्या दिवसापासून नकाशावरील प्रत्येक लाल आणि हळदीची जागा प्रत्यक्ष पाहावी. गटाराची लांबी टेपने मोजावी, घरे मोजावीत, तारीख दिसेल असे छायाचित्र घ्यावे. पाण्याच्या बाबतीत मोजण्यासारखे पुष्कळ आहे. जल जीवन मिशनचा उद्देश दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने घरात पोहोचवणे हा आहे. पाच माणसांच्या घरी २७५ लिटर, म्हणजे साधारण अठरा-वीस घागरी. तितके येते का, हे आठवडाभर दहा घरांत वहीवर लिहिले तरी चित्र स्पष्ट होते. याच योजनेत पाणी तपासण्याची पेटी गावात देऊन पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पेटी पंचायतीत आहे का, प्रशिक्षण कुणी घेतले, याची चौकशी करावी आणि त्या महिलांबरोबर विहिरी व कूपनलिकांचे पाणी तपासावे. उसाच्या पट्ट्यात खताचे नायट्रेट भूजलात उतरण्याचा धोका असतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पेटीवरच्या तपासणीत काही संशयास्पद आढळले तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याची लेखी मागणी करावी आणि निकाल हाती येईपर्यंत गावात घबराट पसरेल असे काही मोबाइलवर फिरवू नये.

कन्नड आणि मराठी

आपल्या तरुणांचा पाय सर्वांत जास्त येथेच अडतो. सभेची नोटीस कन्नडमध्ये, आराखडा कन्नडमध्ये, ठरावाची वही कन्नडमध्ये. ज्याचे शिक्षण मराठी शाळेत झाले त्याला ते वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही हे सांगायला संकोच वाटतो म्हणून तो सभेलाच जात नाही. या बाबतीत आपले हक्क कोणते आणि व्यवहार कसा करायचा, या दोन्ही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत.

राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार कोणत्याही नागरिकाला गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे निवेदन देता येते. म्हणजे गटाराची तक्रार मराठीत देण्याचा तुमचा हक्क घटनेने दिलेला आहे आणि मराठीत आहे म्हणून निवेदन नाकारता येत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयीचे कलम ३५० अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचे कलम ३५० ब आले, तेही गटातील प्रत्येकाने वाचून ठेवावे. माहितीचा अधिकार मात्र वेगळ्या वाटेने जातो : २००५ च्या त्या कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे येथे कन्नडमध्ये करावा लागतो. हा फरक न कळल्यामुळे अर्ज परत येतात आणि मुले निराश होतात.

व्यवहाराचा माझा सल्ला असा आहे की निवेदन मराठीत लिहावे, सोबत कन्नड प्रत जोडावी आणि दोन्हींवर पंचायतीची पोच घ्यावी. मराठी प्रत तुमच्या गल्लीला कळते, कन्नड प्रत अधिकाऱ्याच्या टेबलावर चालते. मराठीतून मागणी करणे आणि कन्नड वाचायला शिकणे यांत विरोध मानण्याचे मुळीच कारण नाही. सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळत आहे, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्याविषयीची आपली भावना खरी आहे. पण त्याच्या निकालाची वाट पाहत दोन-तीन पिढ्या तरुणांनी पंचायतीच्या सभेपासून दूर राहावे, हे गावाला परवडलेले नाही. शेजारच्या कन्नड भाषिक घरातील मुलगा किंवा मुलगी गटात आली तर अनुवादाचा प्रश्न सुटतोच, शिवाय हे काम सगळ्या गावाचे आहे हेही दिसते. सभेत मराठीत बोलावे आणि शेवटी ठराव वाचून दाखवताना त्याचा अर्थ मराठीत सांगण्याची विनंती करावी. तो सांगितल्याशिवाय सही करू नये.

वार्ड सभेत विषय नेताना

नकाशावर पंधरा अडचणी दिसतील. सभेत दोन किंवा तीनच न्याव्यात. त्या निवडताना गल्लीतील बायका, पुरुष आणि मुले यांना तीन वेगवेगळ्या वेळी विचारावे. पुरुषांना आधी रस्ता आठवतो, बायकांना पाणी आणि शौचालय, मुलांना शाळेची वाट आणि मैदान. तिघांच्या यादीत जे येते ते पहिले घ्यावे. शिवाय निधीचे स्वरूप पाहावे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवली होती आणि ४० टक्केच इतर गरजांसाठी मोकळी होती. असा बांधील निधी असतो तेव्हा सभागृहासाठी भांडत बसण्यापेक्षा गटार, पाणी आणि सांडपाण्याची कामे लवकर मंजूर होतात. यंदाच्या निधीची विभागणी कशी आहे हे पीडीओंना विचारावे किंवा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा आराखडा उघडून पाहावा.

निवेदन छोटे असावे. नमुना असा :

«मा. अध्यक्ष व पंचायत विकास अधिकारी यांस. विषय : आमच्या वार्डातील मराठी शाळेसमोरील गटार व मोरीचे काम येत्या वर्षाच्या आराखड्यात घेणेबाबत. शाळेच्या फाटकापासून मारुती मंदिरापर्यंत ९० मीटर अंतरात गटार नाही. पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून वाहून शाळेच्या आवारात साचते. याच वाटेने शाळेची व अंगणवाडीची मुले ये-जा करतात. मोजमाप, नकाशा व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आजच्या वार्ड सभेत विषय चर्चेस घेऊन ठराव नोंदवावा व ठरावाची प्रत द्यावी, ही विनंती.»

यात कुणावर आरोप नाही, आधीच्या मेंबरची उणीदुणी नाहीत, मागणी एकच आहे आणि शेवटी ठरावाची प्रत मागितली आहे. ती शेवटची ओळ कधीही गाळू नये. सभेला जाण्याआधी मेंबरच्या घरी जाऊन निवेदन दाखवावे. गावात मेंबर म्हणजे कुणाचा तरी काका किंवा दादा असतो. त्याला सभेत अचानक अडचणीत आणले तर तो विषय हाणून पाडतो, आणि आधी विश्वासात घेतले तर तोच ठराव मांडतो. श्रेय त्याला मिळाले तर मिळू द्यावे. वार्ड सभेतून विषय ग्रामसभेत गेला की तिथे पुन्हा हजर राहावे, कारण यादी वरच्या टप्प्यावर कापली जाते आणि जे हजर नसतात त्यांचे काम मागे पडते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होत असेल तर तिथेही हाच विषय गेलेला असावा.

काही प्रश्न एका पंचायतीच्या आवाक्यातले नसतात. बेळगाव शहराच्या कडेने वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात वडगाव, जुने बेळगाव, येळ्ळूर, हलगा या बाजूच्या शिवारात पसरते आणि उभे भातपीक कुजते. त्या नाल्यातील गाळ एका गावाने काढून उपयोग नाही. अशा वेळी सर्व संबंधित गावांच्या तरुणांनी आपापल्या ग्रामसभेत एकाच मजकुराचा ठराव करून घ्यावा आणि सगळे ठराव एकत्र जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, कणकुंबी-जांबोटीकडे, गवे आणि डुकरे शेतात शिरण्याचा प्रश्न असाच आहे. तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील गावसमिती यांचा अभ्यास करणारे दोन तरुण तरी प्रत्येक गावात तयार व्हायला हवेत.

मंजुरीनंतरचे काम

ठराव झाला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या गटांचे काम येथेच थांबते. मंजूर कामाचे अंदाजपत्रक मागून घ्यावे, त्यातील लांबी, रुंदी आणि काँक्रीटची जाडी वहीत उतरवावी आणि काम चालू असताना रोज कुणीतरी एक जण तिथे थांबावा. ठेकेदाराशी हुज्जत घालू नये. मोजावे, छायाचित्र घ्यावे आणि फरक आढळला तर इंजिनिअरला लेखी कळवावे. पंचायतीच्या कामांची आणि हिशेबांची सार्वजनिक तपासणी कर्नाटकात जमाबंदी या नावाने वर्षातून एकदा, बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. बाहेरचे अधिकारी येतात, वह्या उघडल्या जातात, कामे पाहिली जातात, आणि नागरिकांना तिथे हजर राहता येते. मराठी गावांतील फार थोड्या तरुणांना या दिवसाची माहिती आहे. तारीख पीडीओंकडून आधीच मिळवावी आणि मोजमापांची वही घेऊन तिथे जावे. पुराव्यासह विचारलेल्या एका प्रश्नाने त्या दिवशी जे होते, ते वर्षभराच्या घोषणांनी होत नाही.

मागूनही कागद मिळाला नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. कर्नाटकाच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून प्रश्न नेमका ठेवावा : «अमुक वार्डात १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात झालेल्या गटार कामांची अंदाजपत्रके, मोजमाप पुस्तकातील नोंदी आणि अदा केलेल्या बिलांच्या प्रती द्याव्यात.» काम का झाले नाही, असा प्रश्न विचारू नये; कारण विचारले की उत्तर टाळता येते, कागद मागितला की द्यावा लागतो. उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. हे हत्यार पहिल्याच महिन्यात उपसू नये. आधी तोंडी, मग लेखी, मग सभेत आणि त्यानंतर माहितीचा अधिकार, हा क्रम पाळला की पंचायतीतील माणसांशी संबंध बिघडत नाहीत, आणि पुढची पाच वर्षे त्याच माणसांबरोबर काम करायचे असते.

गावातील मराठी शाळेची एसडीएमसी, म्हणजे शाळेच्या विकासाची व देखरेखीची समिती, आणि पंचायतीचे वाचनालय, ज्याला आता अरिवु केंद्र म्हणतात, या दोन जागा गटाने आपल्याशा कराव्यात. एसडीएमसीत पालकच सभासद असतात, तेव्हा तरुण पालकांना उभे करावे. वाचनालयात मराठी पुस्तके आणि वृत्तपत्रे यावीत अशी मागणी ठरावाद्वारे करावी. गटाच्या बैठकीसाठीही ती जागा बरी असते, कारण तिथे मुली संकोच न करता येतात.

पैशांविषयी थोडक्यात सांगायचे तर सुरुवातीच्या कामाला फारसा पैसा लागतच नाही. झेरॉक्स, टेप, कागद आणि पोस्टाचा खर्च वर्गणीतून भागतो. प्रत्येक रुपयाची पावती ठेवावी आणि सहा महिन्यांनी हिशेब देवळात वाचावा, ही गणेशोत्सवाची सवय येथेही तशीच चालवावी. ठेकेदाराकडून किंवा निवडणुकीतील उमेदवाराकडून गटासाठी जर्सी, स्पीकर किंवा जेवण घेऊ नये.

दोन वर्षांत गटातील निम्मी मुले पांगतात. मुलींची लग्ने होतात, मुले गोव्याला किंवा बेंगळूरला नोकरीला लागतात, कुणी घरच्या उसाच्या व्यापात अडकतो. हे गृहीत धरूनच दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास तीन-चार नवी मुले घ्यावीत, शक्यतो मक्कळ ग्रामसभेत बोललेली, आणि जुन्यांनी त्यांना एका संपूर्ण वर्षाच्या सभांना सोबत न्यावे. नकाशाचा कागद, मोजमापांची वही, निवेदनांच्या पोच, ठरावांच्या प्रती आणि माहिती अधिकाराची उत्तरे एकाच फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावावीत. तिची एक प्रत वाचनालयात ठेवावी, दुसरी शाळेत, आणि तिसरी गावाबाहेर राहणाऱ्या मुलांसाठी छायाचित्रे काढून व्हॉट्सअॅप गटावर टाकावी. मूळ फाईल दरवर्षी नव्या समन्वयकाच्या घरी जावी आणि ती दिल्या-घेतल्याची नोंद तारखेसह, दोघांच्या सह्यांनी तिच्या पहिल्या पानावर असावी.